कलम 26 पूर्ण वाचा: ऊस तुटला, काटा व्हायचाय, मग घट कुणाची?

‘जिथे मालकी, तिथे जोखीम.’ माल विक्री अधिनियम, 1930 वर तुम्ही नेट-सेटची तयारी केली असेल, तर हे वाक्य निदान दहा वेळा लिहिलं असेल. त्याखाली उदाहरण म्हणून गवताच्या गंजीचा खटला येतो: टार्लिंग विरुद्ध बॅक्स्टर, 1827. गंजी 145 पौंडांना विकली गेली. पैसे महिन्याभराने द्यायचे आणि गंजी मे महिन्यापर्यंत हलवायची नाही, असं ठरलं होतं. मधल्या काळात गंजी जळाली. मालकी कराराच्या क्षणीच गेली होती, म्हणून नुकसान खरेदीदाराचं. उत्तर लिहून झालं, मार्कही मिळाले.

संशोधनाचा आराखडा लिहितानाही आपण हेच वाक्य घेऊन बसतो. माझ्या पहिल्या मसुद्यात ते होतंच. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहून दिलं, ‘तोलायचं कुणी?’ त्या दोन शब्दांनी माझं एक प्रकरण पाडलं. ते का पडलं ते इथे सांगतो, म्हणजे तुमचं वाचेल.

उदाहरण इंग्लंडमधलं नको, बेलापूरचं घेऊ. नवी मुंबईतलं नाही. प्रवरेकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. (जुनी कागदपत्रं शोधाल तेव्हा हे लक्षात ठेवा. ‘बेलापूर कंपनी’चा साखर कारखाना हरेगावला होता आणि रेल्वेचं ‘बेलापूर’ स्टेशन श्रीरामपुरात आहे. नावावरून गेलात तर चुकीच्या फाइलींत अडकाल.) हंगामात या पट्ट्यात ऊस सकाळी तुटतो, संध्याकाळी भरला जातो आणि ट्रॉली कारखान्याच्या आवारात नंबर लावून उभी राहते. काटा दुसऱ्या दिवशी होतो, कधी तिसऱ्या. तुटलेला ऊस ज्या क्षणी तुटतो त्या क्षणापासून सुकायला लागतो. पावतीवर मात्र काट्यावर जे भरेल तेच वजन येतं. मधली घट कुणाची? शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल, ‘आमचीच, दुसऱ्या कुणाची असणार?’ गाइडही तेच म्हणतं. माझा आक्षेप या दोघांच्या एकमतावर आहे.

हा प्रश्न इथे कधी जन्मला

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय कलमाचा पेच कळत नाही. भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. बेलापूर कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि मुख्यतः स्वतःच्या मळ्यांवर ऊस पिकवून स्वतःच गाळला. अशा उसाच्या बाबतीत ‘मालकी कधी जाते’ हा प्रश्नच नव्हता. मळा आणि गव्हाण दोन्ही एकाच मालकाची. वाटेत घट झाली तर ती कंपनीच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाताना झाली, एवढंच.

मग दोन गोष्टी घडल्या. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू झालं. तिथे ऊस सभासदाचा आणि कारखाना संस्थेचा. पुढे 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला. कंपन्यांच्या मळ्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि 1963 मध्ये शेती महामंडळ स्थापन झालं. त्या कायद्याच्या कलम 28 मध्ये विधिमंडळाने मुद्दाम लिहून ठेवलं की, जमीन घेतल्यामुळे कारखान्याच्या कच्च्या मालाच्या पुरवठ्यावर विपरीत परिणाम होऊ नये याची काळजी सरकारने घ्यावी.

म्हणजे कारखान्याचा पुरवठा तुटू नये याची तरतूद झाली. पण मळा आणि गव्हाण यांच्यात आता एक ‘विक्री’ आली होती. त्या विक्रीत वाटेवरची जोखीम कुणाची, हे 1930 च्या कायद्यावर सोडून दिलं गेलं. तो कायदा बराचसा 1893 च्या इंग्लिश कायद्यावरून घेतलेला. त्याच्या डोळ्यांसमोर गंज्या, पिंपं, गाठोडी आणि जहाजं होती, टोळी आणि मुकादम नव्हते.

ही विक्री आहे तरी का?

व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो, म्हणून उत्तर तयार ठेवा. उभं पीक हे ‘माल’ आहे का? कलम 2(7) नुसार आहे, जर ते विक्रीपूर्वी किंवा विक्रीच्या करारानुसार जमिनीपासून वेगळं करायचं ठरलं असेल. उसाची नोंद दिली की ते ठरतंच. दुसरी शंका: उसाचा किमान दर सरकार ठरवतं, कारखान्यावर खरेदीची बंधनं असतात, मग यात ‘संमती’ कुठे? आंध्र शुगर्स खटल्यात (1968) सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या अशाच रचनेबद्दल निकाल दिला की, कारखान्यावर घ्यायची सक्ती असली तरी तो करार आणि विक्रीच आहे. पुढे विष्णू एजन्सीज (1978) मध्ये हीच दिशा पक्की झाली. तेव्हा माल विक्री अधिनियम उसाला लागतो. आता तो लावून बघू.

एक ट्रॉली, चार टप्पे

ऊस उभा आहे. करार झालाय, पण तोडल्याशिवाय तो देण्याजोग्या स्थितीत येत नाही. कलम 21 म्हणतं की, मालाला देण्याजोगं करण्यासाठी विक्रेत्यावर काही करण्याचं बंधन असेल, तर ते होऊन खरेदीदाराला कळेपर्यंत मालकी जात नाही. म्हणजे उभा ऊस शेतकऱ्याचा. इथपर्यंत वाद नाही. गंजीचा खटला इथे चालत नाही हेही लक्षात घ्या. ती गंजी कापून रचलेली होती आणि किंमत ठोक ठरली होती. आपल्याकडे तोडही बाकी आणि टनावारी दरामुळे किंमतही बाकी.

ऊस तुटतो, भरला जातो. इथे कलमातले शब्द आणि फड यांचा सांधा निखळतो. कलम 22 सांगतं की, किंमत ठरवण्यासाठी *विक्रेत्याने* माल तोलायचा, मोजायचा किंवा तपासायचा असेल, तर ते होईपर्यंत मालकी जात नाही. गाइडमध्ये याचा सारांश असतो, ‘वजन होईपर्यंत मालकी जात नाही’. ‘विक्रेत्याने’ हा शब्द सारांशात गळतो. आणि तोलायचं कुणी? उसात काटा कारखान्याचा. टोळी कारखान्याने मुकादमामार्फत लावलेली. तोडीची चिठ्ठी शेतकी विभागाची. वाहनाशी करार बहुतेक वेळा कारखान्याचाच. शेतकरी फडाच्या कडेला उभा राहून वाढ्याच्या पेंढ्या मोजतो, त्याच्याकडून व्हायचं काही उरत नाही.

खरेदीदारानेच तोलायचं असेल तर काय, हा प्रश्न टर्ली विरुद्ध बेट्स (1863) मध्ये आला होता. भट्टीच्या मातीचा अख्खा ढीग टनावारी दराने विकला गेला, खरेदीदाराने स्वतःच्या खर्चाने उचलायचा आणि वाटेत काट्यावर तोलायचा. न्यायालय म्हणालं की, तोलणं बाकी असलं तरी मालकी गेली, कारण विक्रेत्याने करायचं काही उरलं नव्हतं. त्याच तर्काने, ट्रॉली भरली त्या क्षणी ऊस कारखान्याचा झाला, असा युक्तिवाद उभा राहतो. मग आवारातली घट कारखान्याची.

इथे थांबलात तर प्रबंध लिहायला मजा येईल, पण तो पहिल्याच हरकतीला पडेल.

समोरची बाजू, पूर्ण ताकदीने

कलम 19 ला विसरू नका. मालकी पक्षकारांना जेव्हा जावी असं वाटतं तेव्हा जाते; कलम 20 ते 24 हे फक्त तो हेतू ओळखण्याचे नियम, तेही वेगळा हेतू दिसत नसेल तर. उसात वेगळा हेतू दिसतो का? दिसतो. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 मधला दर कारखान्याच्या दारात किंवा खरेदी केंद्रावर पोचलेल्या उसाचा आहे. आपल्याकडे तोडणी-वाहतूक कारखाना करतो, पण तिचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा होतो. टर्लीत उचलायचा खर्च खरेदीदाराचा होता. इथे तो शेवटी विक्रेत्याच्या माथी. दारापर्यंत आणण्याचा खर्च ज्याचा, दारापर्यंत माल त्याचा, असं वाचणं अगदी सरळ आहे.

तोलणं हीच मालकी जाण्याची अट असू शकते, हेही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलंय. कन्सॉलिडेटेड कॉफी खटल्यात (1980) कॉफी बोर्डाचे लिलाव होते. एरवी लिलावात हातोडा पडला की विक्री पूर्ण होते. पण लिलावाच्या अटी वाचून न्यायालयाने ठरवलं की, मालकी पूर्ण किंमत भरून, वजन होऊन, माल वेगळा काढल्यावर जाते. अटी बोलल्या की सर्वसाधारण नियम मागे सरतो.

म्हणून माझं प्रामाणिक मत असं: मालकीच्या प्रश्नावर ‘काट्यावर जाते’ हे वाचन जास्त मजबूत आहे. टर्लीचा युक्तिवाद आकर्षक आहे, पण तोडणी-वाहतूक कपातीसमोर तो टिकवणं कठीण जाईल.

मग गाइड बरोबर ठरलं? नाही. गाइडने मालकीचं उत्तर बरोबर दिलं आणि जोखमीचं उत्तर त्यातच आलं असं धरलं. चूक तिथे आहे.

न वाचलेला अर्धा भाग

कलम 26 चा पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो: वेगळं ठरलं नसेल तर मालकी जाईपर्यंत जोखीम विक्रेत्याची, गेल्यावर खरेदीदाराची. त्याला दोन परंतुकं जोडलेली आहेत. पहिलं, माझ्या शब्दांत: माल देण्या-घेण्याला ज्या पक्षाच्या कसुरीमुळे उशीर झाला, त्या कसुरीशिवाय जे नुकसान कदाचित झालं नसतं, ते त्या पक्षाचं. दुसरं: एका पक्षाचा माल दुसऱ्याच्या ताब्यात सांभाळायला असेल, तर त्या सांभाळणाऱ्याची जबाबदारी या कलमामुळे कमी होत नाही.

दोन्ही परंतुकं मालकी कुणाची हे विचारतच नाहीत. एक विचारतं, उशीर कुणाच्या कसुरीने? दुसरं विचारतं, ताबा कुणाकडे होता?

याचा धडा देणारा खटला डेम्बी हॅमिल्टन विरुद्ध बार्डन (1949). तीस टन सफरचंदाचा रस, हप्त्याहप्त्याने खरेदीदाराच्या सूचनेप्रमाणे पाठवायचा. विक्रेत्याने फळं गाळून रस पिंपांत भरून ठेवला. खरेदीदाराने पुढच्या सूचना द्यायला उशीर केला आणि रस नासला. रसाची मालकी अजून विक्रेत्याकडेच होती. तरी नुकसान खरेदीदारावर गेलं, कारण उशीर त्याचा. नाशवंत माल, बोलावण्याचा अधिकार खरेदीदाराच्या हाती, आणि बोलावणं लांबलं. सफरचंदाच्या जागी ऊस ठेवून पुन्हा वाचा.

नुकसान पैशांत किती? 2025-26 च्या हंगामाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550. समजा एका खेपेत ताजा असताना 20 टन भरेल इतका ऊस तुटला आणि काटा होईपर्यंत पाच टक्के घट झाली (आकडा हिशोबासाठी धरलाय, तुम्ही मोजून टाका). एक टन गेला. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात येणारी रक्कम याहून कमी असेल, पण एकराला दोन-तीन खेपा धरा आणि किती एकर ते तुम्हीच गुणा.

यात एक बारकावा आहे, जो मला उशिरा दिसला. ऊस शिळा झाला की वजनही घटतं आणि साखरही. साखरेची घट कारखान्याच्या सरासरी उताऱ्यात जाते, म्हणजे सगळ्या ऊस-उत्पादकांत वाटली जाते. वजनाची घट मात्र ज्याची ट्रॉली उभी राहिली त्याच्या एकट्याच्या पावतीत पडते. उशीर सामुदायिक व्यवस्थेचा, नुकसान वैयक्तिक. गावात ज्याचा वशिला असतो त्याची ट्रॉली थांबत नाही, ही तक्रार याच जागेतून येते.

परंतुक सगळ्याला पुरेल?

नाही, आणि हे लिहिलं नाहीत तर परीक्षक लिहील. ‘कसूर’ म्हणजे नुसता उशीर नव्हे. कलम 2(5) नुसार ते गैरकृत्य किंवा कर्तव्यात केलेली चूक. म्हणजे आधी कर्तव्य दाखवावं लागेल. नोंदीच्या करारात तोडीची तारीख असते का? लागणीच्या तारखेनुसार तोडणी कार्यक्रम जाहीर होतो. तो कराराचा भाग आहे की नुसतं नियोजन? आवारात ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना तोडीच्या चिठ्ठ्या देत राहणं ही कसूर आहे का? मला वाटतं, सगळ्यात भक्कम दावा इथे उभा राहतो, कारण रांग किती आहे हे फक्त कारखान्याला दिसतं. पण अवकाळी पावसाने रस्ते बंद झाले, तर कसूर कुणाचीच नाही आणि जोखीम परत मालकीमागे जाते, म्हणजे शेतकऱ्याकडे.

कसुरीचं परंतुक दोन्ही बाजूंना कापतं. टोळी लवकर यावी, पाचटाचा त्रास कमी व्हावा म्हणून फड पेटवून दिला, तर ते नुकसान शेतकऱ्याचंच. जळीत उसाच्या कपातीवर लिहिताना आग अपघाती, मुद्दाम लावलेली की तोड लांबल्याने वाळलेल्या उसाला लागलेली, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकाच परिच्छेदात कोंबू नका.

शिवाय कलम 26 ची सुरुवात ‘वेगळं ठरलं नसेल तर’ अशी आहे. नोंदीच्या छापील फॉर्मवर ‘काट्यावरील वजन अंतिम’ असं वाक्य असेल तर? ते वजनाचा पुरावा ठरवतं की जोखीम वाटून देतं? माझ्या मते पहिलं. ‘काटा खरा धरू’ असं म्हणणं म्हणजे ‘काट्यापर्यंतच्या तुझ्या उशिराचं नुकसान मी सोसेन’ असं म्हणणं नव्हे. पण हे वाचन आहे. फॉर्म समोर ठेवून सिद्ध करावं लागेल.

आदेशावरची टीका

एवढं करून खरा दोष मी 1930 च्या कायद्याला देत नाही. तो सर्वसाधारण कायदा आहे, परंतुकासह वाचला तर बराच शहाणा आहे. दोष 1966 च्या आदेशाचा. तो खास उसासाठी लिहिला गेला, ‘ऊस दिल्यापासून’ 14 दिवसांत पैसे द्या म्हणाला, उशिराला वर्षाला 15 टक्के व्याज लावलं. पण ऊस ‘दिला’ कधी, फडात भरला तेव्हा, आवारात शिरला तेव्हा की काट्यावर चढला तेव्हा, हे आदेश फोडून सांगत नाही. एफआरपी हप्त्यांत देण्याची मुभा देणारा राज्याचा 2022 चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला, तेव्हा सगळी चर्चा 14 दिवस कधी संपतात यावर रंगली. ते सुरू कधी होतात याकडे लक्ष गेलं नाही. पैशाच्या उशिराला व्याज आहे. मालाच्या उशिराला काही नाही. हंगाम सांभाळणाऱ्या कायद्यात ही मोठी फट आहे आणि ती बुजवायला एक ओळ पुरेल: आवारात नोंद झाल्यापासून अमुक तासांत काटा झाला नाही, तर पुढची घट कारखान्याची.

सहकारी कारखान्यात एक गुंता आणखी आहे. विक्रेता हाच संस्थेचा सभासद, आणि संस्थेच्या व्यवहाराबद्दलचा सभासदाचा वाद सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयाकडे जाऊ शकतो. म्हणून निकाल शोधताना फक्त उच्च न्यायालयाचे अहवाल चाळून ‘यावर खटलेच नाहीत’ असं लिहू नका.

आता तुमचं काम

जोखमीवर काही लिहिणार असाल, कांदा असो, दूध असो, द्राक्षं असोत, तर कलम उघडण्याआधी कागदावर तीन वेळा लिहा: माल तुटला कधी, उचलला कधी, तोलला कधी. प्रत्येक वेळेपुढे लिहा की, ते काम कुणाच्या माणसाने कुणाच्या सांगण्यावरून केलं. उसात हे कागद मिळतात: तोडीची चिठ्ठी, आवारातली नंबरची नोंद, काट्याची पावती. तिन्हींवरच्या वेळा शेजारी ठेवल्या की कसुरीचा प्रश्न आपोआप दिसायला लागतो. बहुतेक शेतकरी फक्त तिसरी जपून ठेवतात, कारण पैसे तिच्यावर मिळतात. पण दावा उभा राहील तो पहिल्या दोन जपल्या तर. फडावर गेलात तर त्यांना हे सांगून या.

आणि कलम 26 वर उत्तर लिहाल तेव्हा परंतुकांच्या आधी पूर्णविराम देऊ नका.